एक्झॉस्ट हेडरला रंग कोणता? आधी तापमान पाहा

कस्टम हेडर बनवून घेताना बहुतेक जण आधी रंग ठरवतात. पण इंजिनातला जळका वायू सर्वांत आधी याच नळ्यांतून जातो. गाडी ताणली तर त्या लालबुंदही होतात. साधारण २०० अंश सेल्सिअसला भट्टीत पक्का होणारा पावडर कोट इथे जळतो, म्हणजे पैसे वाया. क्रोम निळा पडतो. ३०४ ग्रेडचे स्टेनलेस स्टील ३०० अंशांच्या आसपास फिकट पिवळे, ६०० च्या सुमारास गडद निळे दिसते. ऑक्साइडचा थर जाड होत जातो, तशी छटा बदलते. अनेकांना तीच आवडते! काळा किंवा चंदेरी रंग टिकवायचा असेल तर सिरॅमिक कोटिंग करावे. त्याने बॉनेटखालची उष्णताही कमी होते. स्टेनलेस तसेच ठेवणार असाल, तर इंजिन पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वी नळ्या पुसा. बोटांचे तेलकट ठसे तापल्यावर पक्के बसतात.