चौऱ्याहत्तर दिवसांची चाळणी

खारघरच्या सेक्टर 22 मध्ये टाटा मेमोरियल सेंटरचं ‘ॲक्ट्रेक’ आहे. परळची कॅन्सर संशोधन संस्था 2002 मध्ये इथे आली. तिथल्या सोराब दलाल यांच्या प्रयोगशाळेने 2014 मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि त्यात चक्क उंदराच्या वृषणाची चर्चा होती. कॅन्सरवाल्यांचं शुक्राणूंशी काय नातं? पेशीने कधी विभागायचं, कधी थांबायचं, कधी मरायचं, हे प्रश्न दोन्हीकडे सारखेच आहेत. फरक इतकाच, की कॅन्सरच्या पेशीने हे नियम झुगारलेले असतात आणि निरोगी वृषणात ते रात्रंदिवस पाळले जातात.

वृषणात केसासारख्या बारीक नलिकांची वेटोळी असतात. नलिकेच्या बाहेरच्या कडेला मूळ पेशी बसतात. त्यातल्या काही तिथेच राहून आपल्यासारख्याच पेशी तयार करतात, उरलेल्या विभागत-विभागत आत सरकतात. माणसात मूळ पेशीपासून शुक्राणूपर्यंतचा प्रवास सुमारे 74 दिवसांचा. त्यातले तीन-एक आठवडे एकाच टप्प्यात जातात: अर्धसूत्री विभाजनाच्या पूर्वतयारीत. आईकडून आणि बापाकडून आलेली गुणसूत्रं इथे जोडीने उभी राहतात, मुद्दाम तुटतात आणि आपसात तुकडे बदलून पुन्हा सांधली जातात. ज्या पेशीत जोड्या नीट जमत नाहीत, तिला सहसा पुढे जाऊ दिलं जात नाही. ती मरते.

हे मरण अपघाती नसतं. पेशी आकसते, तिचा डीएनए ठरावीक अंतरावर कापला जातो आणि शेजारची सर्टोली पेशी तिला गिळून टाकते. सूज नाही, गाजावाजा नाही. सर्टोली पेशी म्हणजे या नलिकेतली दाई. एन्रिको सर्टोली या इटालियन संशोधकाने 1865 मध्ये तिचं वर्णन केलं. एक दाई ठरावीक बाळांनाच पोसू शकते, त्यामुळे जास्तीची गर्दी सुरुवातीलाच कमी करावी लागते.

मग हे मरण थांबवलं, तर शुक्राणू वाढतील? तसं होत नाही. मरणाला चालना देणारं ‘बॅक्स’ हे प्रथिन नसलेले उंदीर 1995 मध्ये तयार झाले. त्यांच्या नलिका सुरुवातीच्या पेशींनी खचाखच भरल्या, पण परिपक्व शुक्राणू तयार झाले नाहीत आणि नर वांझ निघाले. मला या सगळ्या कहाणीत हा प्रयोग सर्वांत बोलका वाटतो.

विभाजनाचं फाटकही असंच कडक. पेशीला दोन व्हायचं असेल तर ‘सीडीसी25सी’ हे प्रथिन एका एन्झाइमवरचा ब्रेक काढतं. एरवी त्याला केंद्रकाबाहेर धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचं नाव आहे 14-3-3. नाव घरनंबरासारखं आहे. मेंदूतली प्रथिनं वेगळी करताना ती ज्या क्रमांकाला सापडली, तोच चिकटला. डीएनए तुटला असेल तर दुरुस्तीपर्यंत फाटक बंद, हा त्यांच्या कामाचा एक भाग.

खारघरच्या प्रयोगात 14-3-3 चा ‘गॅमा’ हा प्रकार आतड्याच्या कॅन्सरपेशींत आणि उंदराच्या वृषणात कमी केला गेला. साहजिकच फाटकाकडे लक्ष जातं. पण इथे दिसलं ते वेगळंच. शेजारच्या पेशींना एकमेकींशी अडकवणाऱ्या ज्या कड्या असतात, त्यांचा ‘प्लाकोग्लोबिन’ हा भाग पेशीच्या कडेपर्यंत पोचेना. गॅमा हा हमालाला माल सोपवणारा मुकादम ठरला. हमाल होता ‘केआयएफ5बी’ नावाचं वाहक प्रथिन. त्यालाच कमी केलं, तरी परिणाम तसाच. कड्या जुळेनात, नलिकेची रचना विस्कटली आणि शुक्राणू तयार होण्याचं काम बिघडलं. म्हणजे फाटक नीट असून भागत नाही, पेशीला दाईचा हातही घट्ट धरावा लागतो.

कॅन्सरच्या उपचारात हेच सगळं उलटं भोवतं. केमो आणि किरणं भराभर विभागणाऱ्या पेशींना मारतात, आणि नलिकेच्या कडेच्या पेशी नेमक्या त्यातल्याच. पुढे सरकलेल्या पेशी मात्र बऱ्याच तगतात, म्हणून शुक्राणूंची संख्या लगेच घटत नाही, काही आठवड्यांनी घटते. मूळ पेशी वाचल्या तर ती परत येऊ शकते, संपल्या तर नाही. घरातल्या तरुण मुलाला असा उपचार सुरू होणार असेल, तर पहिल्या सलाइनच्या आधी डॉक्टरांना शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल विचारा. तो विचारायला लाजेल, तुम्ही विचारा.