चेंडू खाली येईपर्यंत

स्लोपिच सॉफ्टबॉलमध्ये पिचर ५० फुटांवरून, हात खालून आणत चेंडू सोडतो. आमच्या लीगच्या नियमाप्रमाणे तो जमिनीपासून किमान ६ आणि कमाल १२ फूट उंच चढला पाहिजे. उंच चढलेल्या चेंडूला होम प्लेटपर्यंत यायला साधारण दीड सेकंद लागतो. क्रिकेटमधला वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदात अंगावर येतो. इथे तिप्पट वेळ हाताशी असतो, आणि सगळी अडचण त्या वेळेचीच आहे.

मी गिरगावातल्या वाडीत टेनिस बॉलवर खेळायला शिकलो. बॅट सरळ, डावं कोपर वर, पाय चेंडूच्या टप्प्यावर. न्यू जर्सीत आल्यावर स्लोपिच सॉफ्टबॉलच्या संघात गेलो, तेव्हा हे सगळं अंगात मुरलेलं होतं. पण इथे चेंडूला टप्पाच नाही. पाय आधी पुढे पडायचा, वजन त्याच्यामागे जायचं आणि चेंडू अजून वरच असायचा. मग नुसत्या हातांच्या जोरावर मारलेला फटका उंच उडायचा आणि इनफिल्डमध्येच झेल जायचा. पहिला उन्हाळा असाच गेला.

आमच्या संघात एक निवृत्त पोस्टमन आहेत. त्यांनी मला बॅट खांद्यावरच ठेवायला सांगितली. दहा चेंडू नुसते पाहायचे आणि चेंडू कमानीच्या माथ्यावरून उतरू लागला की मोठ्याने ‘आता’ म्हणायचं. पहिल्या चार-पाच वेळा माझं ‘आता’ चेंडू चढत असतानाच निघालं. चूक बॅटमध्ये नव्हती, घाईत होती.

त्यानंतर पाय आले. मी फलंदाजाच्या ७ फूट लांबीच्या चौकटीत मागच्या बाजूला उभा राहू लागलो. वजन मागच्या पायावर. चेंडू माथा ओलांडतो तेव्हा पुढचा पाय हलकेच उचलायचा आणि अंगठ्यावर टेकवायचा, वजन मात्र अजून मागेच. मग टाच टेकते, कंबर फिरते, तिच्यामागून खांदे आणि सगळ्यात शेवटी हात. हात छातीजवळून निघाले तर बॅटला वेग येतो. आधीच लांब पसरले तर कंबरेचा जोर वाटेतच सांडतो.

चेंडू साधारण ३५ अंशांच्या उतारावरून येतो. बॅट अगदी आडवी फिरवली तर दोघांची गाठ क्षणभरच पडते, किंचित वर जाणारी बॅट चेंडूच्या वाटेवर जास्त वेळ राहते. पण वर मारायचं म्हणून मागचा खांदा पाडला की बॅट चेंडूच्या तळाला लागते आणि झेल उडतो. माझे निम्मे झेल या खांद्यामुळे गेले होते.

हे सगळं टीवर पक्कं झालं. टी म्हणजे चेंडू ठेवायचा रबरी दांडा. अंगाजवळचा चेंडू पुढच्या पायाच्याही पुढे गाठायचा, बाहेरचा थोडा मागे येऊ द्यायचा आणि उजव्या बाजूला जाऊ द्यायचा. उजव्या हाताच्या खेळाडूला हा दुसरा फटका अवघड जातो, कारण त्यासाठी आणखी थोडं थांबावं लागतं. पण स्लोपिचमध्ये समोर दहा क्षेत्ररक्षक असतात आणि चेंडू नुसता ढकलून थांबवला तर बाद. त्यामुळे जागा शोधून ताकदीने मारणं हाच मार्ग उरतो. आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी पन्नास चेंडू, असे दोन महिने केल्यावर खांद्याच्या उंचीवरून सरळ जाणारे फटके निघू लागले.

क्रिकेटवरून या खेळाकडे येणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. महागडी बॅट घेण्याआधी मैदानावर जा आणि दहा चेंडू न मारता खाली येऊ द्या. तुमचं ‘आता’ नेमक्या क्षणी निघू लागलं, की मगच बॅट खांद्यावरून उचला.