मावळ्याचे डोळे दिसतात का?

दिवाळीची सुट्टी लागली की अंगणाच्या कोपऱ्यात विटा, दगड, गोणपाट आणि चिखल यांची जमवाजमव सुरू होते. किल्ला उभा राहतो, त्याच्या उतारावर अळीव आणि मोहरी पेरली जाते, आणि मग बाजारातून किल्ल्यावरची चित्रे येतात. मावळे, घोडेस्वार, तोफा आणि सिंहासनावर बसलेले शिवाजी महाराज! ही चित्रे रंगवलेली मिळतात. पण नुसती भाजलेली, बिनरंगाची चित्रे आणून ती घरी रंगवण्याची मजा काही वेगळीच. आज आपण या रंगकामाबद्दल बोलणार आहोत. मी भौतिकशास्त्राचा मास्तर. तेव्हा मधूनमधून ते शास्त्र डोकावणारच, त्याला माझा इलाज नाही.

आधी माझी फजिती सांगतो. माधवनगरला आमच्या घरापुढे किल्ला होता आणि मी पाचवीत होतो. आमच्या आळीत किल्ल्यांची चढाओढ असे. मी वीस मावळ्यांना चुन्याचा पांढरा हात दिला, अंगरखे तसेच पांढरे ठेवले, पागोटी गेरूने रंगवली. शेले पिवळे करायचे होते, पण पिवडी संपली. मग काय, आईच्या मिसळणाच्या डब्यातली हळद घेतली! सांगली म्हणजे हळदीची पेठ; हळदीला काय तोटा? ती पाण्यात कालवून पहिल्या मावळ्याच्या शेल्यावर कुंचला टेकवला, आणि शेला पाहता पाहता लालभडक झाला. मी घाबरून दुसरा मावळा घेतला. तोही लाल!

तुमच्यापैकी पुष्कळांना कारण ठाऊक असेल. चुना अल्कधर्मी आहे, आणि हळदीतले कर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्काशी गाठ पडली की पिवळ्याचे लाल होते. हळदीपासून कुंकू करतात ते याच गुणामुळे. मी लाल शेल्यांवर समाधान मानले. पण चारपाच दिवसांच्या उन्हात तो लालही उडाला आणि शेले मळकट दिसू लागले. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. प्रकाशाच्या ऊर्जेने त्याचे रेणू मोडतात. गेरू म्हणजे लोहाचे ऑक्साइड, खडकातून आलेली माती. ती हजारो वर्षे उन्हातच पडलेली असते. तिला आणखी चार दिवसांच्या उन्हाचे काय?

परंतु खरी फजिती पुढेच आहे. मी प्रत्येक मावळ्याला डोळे काढले होते. सुईच्या टोकाने पांढरा ठिपका, त्यात काळा ठिपका. वीस मावळे, चाळीस डोळे. दोन संध्याकाळी गेल्या. आळीतली वडीलधारी मंडळी किल्ला बघायला आली, चार हात लांब उभी राहिली, "छान आहे हो" म्हणाली आणि निघून गेली. बक्षीस पलीकडच्या किल्ल्याला मिळाले. त्यांच्या मावळ्यांना डोळेच नव्हते! मी चिडून, ज्या कुंभारआजींकडून चित्रे आणली होती त्यांच्याकडे गेलो. त्या हसल्या. "पोरा, डोळं नगं काढूस. पागोट्याची सावली काढ," एवढेच म्हणाल्या. याचा अर्थ मला कॉलेजात गेल्यावर कळला.

बेरीज-गुणाकाराने तो तुम्हाला आत्ताच कळेल. मावळ्याची उंची ७ सेंटीमीटर धरा. माणसाची उंची १६८ सेंटीमीटर धरली, तर मावळा म्हणजे माणसाची २४ पट लहान प्रतिकृती झाली. आता तो मावळा २ मीटर अंतरावरून पाहा. २ मीटरवरचा २४ पट लहान माणूस डोळ्याला तेवढाच मोठा दिसतो, जेवढा ४८ मीटरवरचा खरा माणूस. म्हणजे तुमच्या किल्ल्यासमोर उभा असलेला पाहुणा खरोखर ४८ मीटर लांबचा मावळा पाहत असतो!

निरोगी डोळ्याला साधारण एक कला एवढ्या कोनात असलेले दोन ठिपके वेगळे दिसतात. अंशाचा साठावा भाग म्हणजे कला. ४८ मीटरवर एक कला म्हणजे सुमारे १४ मिलिमीटर. माणसाच्या डोळ्यातले काळे बुबुळ सुमारे १२ मिलिमीटर रुंद असते. तेव्हा बुबुळ आणि त्याभोवतीचा पांढरा भाग वेगळे दिसणे शक्यच नाही. माझे चाळीस ठिपके पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपर्यंत पोचलेच नव्हते. काही मावळ्यांना मी ते जरा मोठे काढले होते, ते मात्र पोचले, आणि ते मावळे भूत पाहिल्यासारखे डोळे फाडून उभे दिसत होते.

मग ४८ मीटरवरून दिसते तरी काय? हे पुस्तकात वाचू नका. दुपारी चारच्या सुमारास शाळेच्या मैदानावर जा. एका मित्राला डोक्याला उपरणे गुंडाळून उभे करा आणि तुम्ही मोजून ४८ मीटर लांब जा. टेप नसला तर आपले पाऊल आधी मोजून घ्या. आता कागदावर पेन्सिलीने त्याचा चेहरा काढा. पण जे दिसते तेवढेच काढा, जे माहीत आहे ते काढू नका. हे फार अवघड असते! बहुतेक तुमच्या कागदावर एवढे उतरेल: उपरण्याखाली एक गडद पट्टा, नाकाखाली थोडी सावली, हनुवटीखाली मोठी सावली, आणि कपाळ, गाल व खांदे उजळ. डोळे कुठेच नाहीत. ते त्या गडद पट्ट्यात विरघळून गेले आहेत. कुंभारआजींची 'पागोट्याची सावली' ती हीच.

इथे एखादा चौकस वाचक मला अडवील. तो म्हणेल, "गुरुजी, सूर्य तर सगळ्यांसाठी एकच. खऱ्या माणसाच्या पागोट्याची सावली पडते, तशी लहान मावळ्याच्याही पागोट्याची पडेलच की! ती रंगवायची कशाला?" शंका अगदी बरोबर आहे. प्रकाशकिरणांना वस्तू लहान की मोठी याच्याशी कर्तव्य नसते. आकार हुबेहूब असेल, तर सावलीही त्याच प्रमाणात हुबेहूब पडली पाहिजे.

मेख आहे ती साच्यात. मातीचा मावळा साच्यात दाबून काढतात. साच्याचे दोन भाग असतात, एक पुढचा आणि एक मागचा. माती दाबल्यावर मावळा साच्यातून सरळ सुटून आला पाहिजे. पागोट्याचा काठ कपाळाच्या पुढे आला आणि त्याखाली खोबण राहिली, तर माती तिथे अडकेल आणि मावळ्याचे कपाळच साच्यात राहील. म्हणून साचा करणारा कारागीर अशा सगळ्या खोबणी बुजवून टाकतो. हात अंगाला चिकटवतो, चुण्या उथळ करतो, पागोटे कपाळाशी सपाट मिळवून घेतो. खोबण गेली, तशी सावलीही गेली. साच्याने घेतलेले कुंचल्याने परत द्यायचे, एवढेच रंगाऱ्याचे काम.

तलवारीचेही असेच आहे. २४ पट लहान केली तर तिची जाडी कागदाएवढी येईल. आकार सारखाच ठेवून वस्तू २४ पट लहान केली, तर ती वाकवून मोडायला लागणारे बळ २४ गुणिले २४, म्हणजे ५७६ पट कमी होते. पण तुमचे बोट काही ५७६ पट अशक्त होत नाही! म्हणून मातीच्या मावळ्यांच्या हातात तलवारीऐवजी मुसळ दिसते. त्याला नावे ठेवू नका. फार तर धारेच्या कडेने एक बारीक उजळ रेघ ओढा, म्हणजे लांबून ते मुसळ तलवार होते.

आता प्रत्यक्ष रंगकाम. भाजलेली माती सच्छिद्र असते. तिच्यावर रंगाचा पहिला थेंब टेकवला की ती तो माठासारखी पिऊन टाकते. म्हणून आधी पांढऱ्या रंगात थोडा डिंक घालून एक पातळ हात द्यावा. चुना देत असाल तर एक गंमत पाहा. ओला असताना तो जवळजवळ पारदर्शक दिसतो, आणि तुम्हाला वाटते की लागलाच नाही. म्हणून तुम्ही आणखी थापता. वाळल्यावर तो पांढराशुभ्र होतो. असे का? वाळलेल्या चुन्याच्या कणांमध्ये हवा असते. कण आणि हवा यांच्या अपवर्तनांकांत मोठा फरक असल्यामुळे प्रकाश चहूकडे विखुरतो. ओल्या चुन्यात हवेच्या जागी पाणी असते. पाण्याचा अपवर्तनांक कणांच्या जवळचा, म्हणून विखुरणे कमी. सगळे मातीचे रंग ओले असताना गडद आणि वाळल्यावर फिके दिसतात, त्याचे कारण हेच. तेव्हा रंग ठरवायचा तो कागदावर वाळवून मगच.

चकचकीत तेलरंग शक्यतो नको. सुती अंगरखा चमकत नाही. खरबरीत कापडावरून प्रकाश सगळीकडे सारखा विखुरतो. तेलरंगाचा गुळगुळीत थर मात्र आरशासारखे वागतो आणि मावळा भर उन्हात तूप चोपडून आल्यासारखा दिसतो.

सावल्या देण्याची सोपी युक्ती अशी. अंगरख्याचा रंग पूर्ण वाळला की काजळी आणि गेरू भरपूर पाण्यात कालवून चहासारखे पातळ पाणी करा आणि ते सबंध अंगावरून फिरवा. उंचवट्यांवरून पाणी ओघळते आणि खाचांत केशाकर्षणाने अडकून बसते. वाळताना रंगाचे कण तिथेच राहतात. चुण्या आपोआप गडद होतात! पण सपाट भागावर मोठा थेंब राहू देऊ नका. चहाचा थेंब टेबलावर वाळला की कडेला गडद कडे उरते ना? थेंबाची कड जागेवर चिकटलेली असते आणि तिथून बाष्पीभवन जास्त होते; ती भर काढायला आतले पाणी कडेकडे वाहते आणि कण सोबत नेते. गंमत म्हणजे रोज दिसणाऱ्या या डागाचा असा उलगडा शिकागो विद्यापीठातील शास्त्रज्ञांनी १९९७ साली प्रसिद्ध केला. मावळ्याच्या पाठीवर असे कडे उमटले तर सावली न दिसता चहाच सांडलेला दिसतो. जास्तीचे पाणी कोरड्या कुंचल्याने टिपून घ्या.

मग याच्या उलट करा. कुंचल्यावर पांढरा रंग घेऊन तो फडक्यावर जवळजवळ पुसून टाका आणि कोरडा कुंचला अंगरख्यावरून हलकेच फिरवा. तो फक्त उंचवट्यांना शिवतो. झाले! खाचा गडद, कडा उजळ.

परदेशात अशी चित्रे रंगवणे हा थोरांचाही छंद आहे. प्रशियातील राइस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने १८२४ साली नकाशावर ठोकळे मांडून लढाई खेळण्याचे नियम प्रसिद्ध केले, ते सैन्याच्या शिक्षणासाठी. इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ पासून शिशाचे पोकळ सैनिक काढले. आणि काळयंत्राची कादंबरी लिहिणारे एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली अशा सैनिकांच्या लढायांचे नियम सांगणारे 'लिटल वॉर्स' हे पुस्तकच लिहिले. आज टेबलावरच्या या युद्धखेळांत २८ मिलिमीटर उंचीचे सैनिक पुष्कळ वापरतात. हातभर अंतरावरून, म्हणजे ६० सेंटीमीटरवरून, असा सैनिक किती लांबच्या माणसाएवढा दिसेल? गणित तुम्हीच करा. उत्तर ३६ मीटर यायला हवे.

हे रंगारी सावल्या आणि उजळ कडा खऱ्यापेक्षाही जास्त ठळक करतात. ही लबाडी नव्हे का? मला तसे वाटत नाही. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली 'सीतास्वयंवर' इथेच रंगभूमीवर आणले. नटाची रंगभूषा जवळून पाहिली तर भुवया केवढ्या जाड दिसतात! पण त्या शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकासाठी असतात. तुमच्या मावळ्याचा प्रेक्षकही कायम शेवटच्या रांगेतच बसलेला असतो.

एक गोष्ट मात्र कडक शब्दांत सांगतो. लाल रंगासाठी देव्हाऱ्यातला शेंदूर घेऊ नका. पारंपरिक शेंदूर हे शिशाचे ऑक्साइड आहे, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. घरी पडलेले तेलरंगाचे जुने डबेही नकोत. आपल्या देशात घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत ९० भाग अशी मर्यादा २०१६ च्या नियमांनी आली; त्यापूर्वीच्या डब्यात किती असेल याचा भरवसा नाही. आणि रंग कोणताही असो, कुंचल्याचे टोक ओठांत धरून टोकदार करण्याची सवय सोडा. मीही तेच करत असे.

राहता राहिली रोषणाई. तुम्ही सावल्या रंगवल्या त्या वरून उजेड येतो असे धरून: पागोट्याखाली गडद, खांद्यावर उजळ. संध्याकाळी कौतुकाने पणती मावळ्याच्या पायाशी ठेवाल, तर उजेड खालून येईल, हनुवटी उजळेल आणि रंगवलेल्या सगळ्या सावल्या उलट्या पडतील. पणत्या बालेकिल्ल्यावर किंवा मागच्या विटेवर, मावळ्यांच्या डोक्यापेक्षा उंच ठेवा. मग चार हात मागे जा आणि एक डोळा मिटून बघा.