पेपिन राजा आणि रोमचे पोप

राज्य करणारा एक आणि राजा म्हणविणारा दुसरा, अशी स्थिति आठव्या शतकाच्या पूर्वार्धांत फ्रँक लोकांच्या राज्यांत झाली होती. गादीवर मेरोव्हिंजियन घराण्याचा तिसरा चिल्डेरिक होता. लांब केस राखणें हा त्या घराण्याचा कुलाचार, आणि राजेपणाचें तेवढेंच चिन्ह त्याच्यापाशीं उरलें होतें. हे राजे बैलगाडींत बसून सभेस जात व वकिलांस पढविलेलीं उत्तरें देत, असें आइनहार्डनें लिहिलें आहे. तो नव्या घराण्याचा आश्रित, तेव्हां वर्णनांत थोडें तिखटमीठ असणारच. पण खरी सत्ता राजवाड्याचा मुख्य कारभारी पेपिन याच्या हातीं होती यांत संशय नाहीं.

मग त्यानें सरळ मुकुट कां उचलला नाहीं? त्याच्याच कुळांतील ग्रिमोआल्ड नांवाच्या कारभाऱ्यानें सातव्या शतकांत आपल्या मुलास गादीवर बसविलें होतें, आणि तें साहस त्याच्या प्राणांवर बेतलें. राजरक्तावरील लोकांची श्रद्धा मोडावयास दुसरी तितकीच मोठी श्रद्धा हवी होती. म्हणून पेपिननें बिशप बुर्खार्ड व मठाधिपति फुलराड यांस पोप झकारियस याजकडे पाठविलें. ज्याच्या हातीं सत्ता नाहीं त्यानें राजा म्हणवावें, हें योग्य काय? सत्ता ज्याची त्यासच राजा म्हणणें बरें, असा पोपनें निर्वाळा दिला. ७५१ सालीं सोआसाँ येथें पेपिन राजा झाला; चिल्डेरिकाचे केस कापून त्याची मठांत रवानगी झाली.

या उपकाराची फेड करण्याची वेळ लवकरच आली. ७५१ सालींच लोंबार्डांचा राजा ऐस्टुल्फ यानें राव्हेन्ना घेतलें होतें आणि त्याची दृष्टि रोमवर होती. रोमचा स्वामी म्हणविणाऱ्या कॉन्स्टँटिनोपलच्या बादशहाकडून सैन्य येण्याची आशा नव्हती. तेव्हां पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून ६ जानेवारी ७५४ रोजीं पोंतियों येथें पेपिनला भेटला. या भेटीचें वर्णन मोठें मौजेचें आहे. रोमचा लेखक म्हणतो, पेपिन पोपच्या घोड्याशेजारून मोतद्दारासारखा पायीं चालला. फ्रँक बखरकार म्हणतो, पोपच गोणपाट नेसून व राख घालून घेऊन राजाच्या पायांवर पडला. गरज दोघांचीही होती, आणि ती दोघांसही झांकावयाची होती!

या सख्याची झळ घरांतही लागली. पेपिनचा सख्खा भाऊ कार्लोमान ७४७ सालीं राज्य सोडून संन्यासी झाला होता. ऐस्टुल्फच्या वतीनें रदबदली करावयास तो इटलीच्या मठांतून आला. पेपिननें त्यास परत जाऊं दिलें नाहीं. व्हिएन येथें नजरकैदेंतच तो वारला.

त्याच वर्षीं २८ जुलैस सेंट डेनिस येथें पोपनें पेपिन व त्याचे पुत्र चार्ल्स आणि कार्लोमान यांस पवित्र तेलाचा अभिषेक केला. पुढें ऐस्टुल्फनें दिलेलें वचन मोडून ७५६ सालीं रोमला वेढा घातला. तेव्हां पोपनें प्रत्यक्ष सेंट पीटरच्या नांवानें फ्रँकांस पत्र धाडलें! पेपिन पुन्हां इटलींत उतरला. जिंकलेलीं शहरें आपणांस परत द्यावीं असें बादशहाच्या वकिलानें सुचविलें. आपण सेंट पीटरच्या प्रेमास्तव व पापक्षालनार्थ लढलों, द्रव्यासाठीं नव्हे, असें पेपिननें उत्तर दिलें. फुलराडनें गांवोगांव फिरून वेशींच्या किल्ल्या गोळा केल्या आणि दानपत्रासह रोम येथें सेंट पीटरच्या समाधीवर ठेविल्या. त्या दानांतून उभें राहिलेलें पोपांचें राज्य १८७० पर्यंत टिकलें.