नावाचे देणे

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला कोणी वाट विचारली नाही, असा दिवस सहसा जात नाही. काळाराम कुठे, सीतागुंफा किती लांब, रामकुंडाकडे उतरायचे कुठून! हात करून वाट दाखवायची, हा आमचा पिढीजात धर्म. त्याचे कोणी पैसे घेत नाही. जाताना 'राम राम' म्हटले की पावले. या दोन शब्दांची किंमत मला परवापरवापर्यंत कळली नव्हती. कळली ती एका विद्यार्थिनीने माझा कान पकडल्यावर!

त्याचे असे झाले. गेल्या वर्षी महाविद्यालयाच्या वार्षिकाचे संपादन माझ्याकडे होते. सिंहस्थ जवळ येत चाललेला, म्हणून पंचवटीवर एक लेख घातला आणि सोबत एक सुबक नकाशा छापला. तो इंटरनेटवर फुकट मिळाला होता. तळाशी बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मांडणीत बसेना, म्हणून कापली.

अंक निघाला आणि तिसऱ्या दिवशी द्वितीय वर्षाची एक मुलगी घरी आली.

"सर, रागावणार नाही ना? हा नकाशा आमचा आहे."

मला वाटले, हिची काहीतरी गफलत होते आहे. पण तिने सगळे समजावून सांगितले. 2004 साली इंग्लंडात स्टीव्ह कोस्ट नावाच्या तरुणाने 'ओपनस्ट्रीटमॅप' सुरू केला. सगळ्या जगाचा हा नकाशा लोकच काढतात. आपल्या गावची गल्ली, पाणपोई, घाटाची पायरी ज्याने त्याने नोंदवायची. ही मुलगी दोन सुट्ट्या मोबाइल हातात घेऊन पंचवटीचे बोळ हिंडली होती. ही सारी माहिती कोणीही फुकट घ्यावी, छापावी, विकावीदेखील. अटी थोड्या, आणि त्यांतली पहिली म्हणजे ती कोणाची, हे सांगावे. मी कापलेली ओळ नेमकी तीच!

मी जरा वरमलो. पण मास्तर तो मास्तरच. म्हटले, "आणि नाही सांगितले तर? कोर्टात खेचणार?"

पोरीने तोही अभ्यास केलेला होता. आपला 1957 चा कॉपीराइट कायदा नकाशाला कलाकृती मानतो. संगणकातल्या माहितीच्या संग्रहालाही त्यात जागा आहे. पण 2007 साली इस्टर्न बुक कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, नुसते कष्ट पुरेत नाहीत, थोडी तरी स्वतःची निर्मिती हवी. बोळ कुठे वळतो, ही तर वस्तुस्थिती. तिच्यावर हक्क कोणाचा? युरोपात अशा संग्रहांसाठी निराळा कायदा आहे, आपल्याकडे तो नाही. तेव्हा बहुतेक वेळा हातात उरते ते एक नम्र पत्र. 2012 साली ॲपलसारख्या बलाढ्य कंपनीने आपल्या छायाचित्रांच्या ॲपमध्ये हाच नकाशा नावाशिवाय वापरला होता. मंडळींनी तो ओळखला, जाहीरपणे बोलून दाखवले, आणि पुढे नाव आले.

"परवान्यात एक सोयही आहे, सर. अट मोडली की परवानगी संपते; पण पहिलीच चूक असेल आणि सूचना मिळाल्यापासून तीस दिवसांत सुधारली, तर परत मिळते. तुम्हाला तीस दिवस आहेत."

मला हसू आले. "पण त्या ओळीत तुझे नाव कुठे आहे? 'ओपनस्ट्रीटमॅपचे योगदाते' एवढेच ना?"

"माझे नाव नकोच. तुमच्या नकाशात एक बोळ थेट नदीपर्यंत दाखवलाय ना, तो मध्येच भिंतीने बंद आहे. चूक माझीच; मी ती नंतर मूळ नकाशात सुधारली. ओळ असती, तर वाचणाऱ्याने तिथे जाऊन पाहिले असते."

यावर मी गप्प बसलो. 2003 च्या सिंहस्थात याच नाशकात चेंगराचेंगरीत माणसे गेली. गर्दीत बंद बोळ म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही.

त्या रात्री मला माझीच लाज वाटली. वर्गात मी अभंगाची नाममुद्रा शिकवतो. 'तुका म्हणे' काढून टाकले तर काय उरते, असे मुलांना विचारतो. घाटावरचे 1747 चे देऊळ खरे म्हणजे रामेश्वराचे. पण बांधणाऱ्याचे नाव लोकांनी असे जपले की, देवालाही नारोशंकर म्हणतात. आणि मी मात्र एका ओळीला जागा नाही म्हणून कात्री चालवली!

दुसऱ्या दिवशी रविवार कारंज्याकडे जाऊन रबरी शिक्का करून आणला. कपाटात उरलेले सारे अंक घरी आणले. ऐन फराळाच्या गडबडीत दिवाणखान्यात बैठक मांडली. चिरंजीव पान उघडी, मी शिक्का मारी, आणि ती मुलगी बंद बोळावर लाल शाईची रेघ ओढी. वाटून झालेल्या अंकांसाठी सूचनाफलकावर शुद्धिपत्र लावले.

पिठाचे हात पदराला पुसत ही दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "अहो, शेजारच्या काकूंची अनारशांची कृती मी गेली दहा वर्षे माझी म्हणून सांगते आहे. त्यावरही शिक्का मारायचा का?"

मी काही बोलण्याआधीच ती मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हालाही तीस दिवस आहेत!"