शेणाच्या घरात बसून ऐकलेली गोष्ट

काऊ-चिऊची गोष्ट कुणी वैशाखात घडवत नाही. ती पावसातच घडते. काऊचं शेणाचं घर वाहून जातं, चिऊचं मेणाचं घर टिकतं, आणि भिजलेला काऊ चिऊच्या दाराशी येतो. हीच गोष्ट दोन महिने आधी सांगितली असती तर? वैशाखाच्या उन्हात मेण वितळलं असतं आणि शेणामातीनं लिंपलेल्या गार घरात काऊ निवांत बसला असता. म्हणजे चिऊ शहाणी आणि काऊ आळशी असं गोष्टीत कुठे सिद्ध होत नाही. ऋतू चिऊच्या बाजूचा होता, एवढंच. ‘घर पक्कं बांधावं’ हा बोध आपण शाळेत काढला. गोष्ट मात्र सगळा वेळ बंद दारापाशी घालवते.

हे तारकर्लीसारख्या गावात उभं राहिलं की लगेच पटतं. मालवणपासून जवळच असलेली ही वाळूची पट्टी. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, आणि पुढे देवबागच्या टोकाला दोघांचा संगम. पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या घरात, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमधला. इथे पाऊस वरून कमी आणि समुद्राकडून आडवा जास्त येतो. जुनी साधी घरं मातीच्या भिंतींची, माडाच्या झावळांनी शाकारलेली असायची. ऐपत असेल त्याचं घर चिऱ्याचं, वर नळे किंवा कौलं. जमीन मात्र दोघांच्याही घरात शेणानं सारवलेली. पाऊस सरला की खळं चोपून, सारवून दिवाळीला तयार करायचं, हे काम घरोघरी बायकांचंच.

आता ती गोष्ट सांगणारी आजी कुठे बसली आहे ते पाहा. ती शेणानं सारवलेल्या जमिनीवर बसली आहे. मांडीवरचं नातवंडही त्याच जमिनीवर. बाहेर झड लागली आहे. दोघंही काऊच्या घरात बसून चिऊची बाजू घेत आहेत. मेणाच्या घरात राहणारं त्या वाडीत कुणीच नव्हतं. या गोष्टीचा सगळ्यात खोल पदर मला हाच वाटतो. ज्यांचं छप्पर दर आषाढात गळत होतं, त्यांनीच न गळणाऱ्या घराचं स्वप्न पोरांच्या कानात घातलं, आणि त्यासोबत नकळत, ज्याचं घर वाहून गेलं त्याच्याबद्दलचा तुच्छभावही. शेण एरवी पवित्र, गोष्टीत मात्र ते हिणकस ठरलं.

छापील पुराव्याकडे वळलं की चित्र आणखी बदलतं. 1865-66 च्या हिवाळ्यात मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर दख्खनच्या दौऱ्यावर निघाले. त्यांची मुलगी मेरी सोबत होती आणि मेरीच्या दिमतीला अ‍ॅना लिबेराता डिसूझा नावाची आया. अ‍ॅनाचं घराणं मूळचं लिंगायत. गोव्याजवळ येऊन वसल्यावर तिचे आजोबा ख्रिस्ती झाले. तिनं आपल्या आजीकडून ऐकलेल्या गोष्टी मेरीला सांगितल्या आणि 1868 मध्ये लंडनहून ‘ओल्ड डेक्कन डेज’ हे पुस्तक निघालं. भारतीय लोककथांच्या अगदी सुरुवातीच्या इंग्रजी संग्रहांपैकी हा एक. त्यात आपली काऊ-चिऊची गोष्ट आहे. तिचं शीर्षक मराठीत सांगायचं तर ‘स्वार्थी चिमणी आणि बेघर कावळे’.

म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी छापलेल्या या रूपात दोष चिमणीच्या माथी आहे! तिथे शेण नाही, मेणही नाही. कावळ्याचं घर निवडुंगाच्या कुंपणावर रचलेल्या चार काटक्यांचं. पाऊस मारतोय, वारा झोंबतोय, काटे डोळ्यांत जातायत, आणि आतून उत्तर येतं की स्वयंपाक चाललाय, मग ये. जेवण चाललंय, मग ये. दोन्ही रूपं शेजारी ठेवली की काय बदलतं आणि काय टिकतं ते कळतं. घराचं सामान बदलतं. पाऊस, दार आणि सबबी टिकतात.

इंग्रजीतली तीन डुकरांची गोष्ट याच्या जवळची वाटते. जोसेफ जेकब्जनं 1890 च्या संग्रहात ती घेतली, आणि ब्रुनो बेटलहाइमनं 1976 मध्ये तिचा अर्थ लावला तो असा, की आजची मौज बाजूला ठेवून उद्याचा विचार करायला ती मुलाला शिकवते. पण तिथे दाराशी लांडगा आहे. त्याला आत घेण्याचा प्रश्नच येत नाही. आपल्या गोष्टीत दाराशी ओला शेजारी आहे, म्हणून ती जास्त अवघड आहे. फ्रान्समध्ये शार्ल पेरोनं 1697 मध्ये आपल्या परीकथांच्या शेवटी पद्यात तात्पर्यं जोडून दिली. आपल्या आज्यांनी असं काही जोडलं नाही. शेवटसुद्धा एक ठेवला नाही. कुठे काऊ आत येऊन तापलेल्या तव्यावर बसतो आणि भाजतो. कुठे रात्रभर कुडुमकुडुम खातो, विचारलं तर सुपारी म्हणतो. कुठे पिल्लंच फस्त करतो, आणि कुठे नुसता कोपऱ्यात झोपी जातो.

म्हणून चिऊला स्वार्थी म्हणून मोकळं होणंही मला मान्य नाही. तिच्या सबबी नीट ऐका. बाळाला न्हाऊ घालायचंय, अंग पुसायचंय, तीट लावायची आहे, दूध पाजायचंय, निजवायचंय. यातलं एकही काम खोटं नाही. लेकुरवाळ्या बाईचा दिवस असाच जातो. ए. के. रामानुजन यांनी लिहून ठेवलंय की या घरगुती कथा आज्या स्वयंपाकघरात, मुलांना जेवू घालताना सांगत. सांगणारी स्वतः त्याच कामांत गुंतलेली असे. कोकणात तर घरचा पुरुष मुंबईला गिरणीत, आणि इकडे पावसाळ्याच्या अंधाऱ्या रात्री बाई पोरांसकट एकटी. दाराशी आवाज आला तर ती सरळ ‘नाही’ म्हणू शकत नाही, कारण उद्या त्याच शेजाऱ्याचं तोंड बघायचं असतं. ती ‘वायच थांब’ म्हणते. चिऊच्या तोंडी नकार नाही, लांबण आहे. ती पिल्लं खाल्ली जाण्याचा शेवट सांगणारी बाई मुलीला सावध करत असावी, असं मला वाटतं.

आणि तरीही त्याच घरात भाद्रपद येतो. म्हाळाच्या दिवशी पान वाढून कावळ्यासाठी बाहेर वाडी ठेवतात. घरातली सगळी माणसं, प्रसंगी डोक्यावर पाऊस घेत, ‘का का’ करत त्याची वाट बघतात. दहाव्याच्या पिंडाला तो शिवला नाही तर थोरली माणसं हात जोडून गेलेल्याच्या मनातलं पुरं करण्याचं वचन देतात. गोष्टीत ज्याला ताटकळत ठेवलं, त्याच्यासाठी आता घर ताटकळतं. मूल हे दोन्ही एकाच वयात बघतं आणि कुणी त्याला उलगडून सांगत नाही.

आजच्या तारकर्लीत तर पात्रांनी जागा बदलल्या आहेत. 1997 मध्ये सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला. निवास-न्याहारीसाठी घरांच्या खोल्या वाढल्या, कौलं उतरली, स्लॅब पडले. चिमणी खरं तर मेणाचं घर बांधत नाही. ती कौलाखाली, वाशाच्या बेचक्यात, तसबिरीमागे गवत आणि पिसं कोंबते. सपाट स्लॅबनं ती फट बुजवली. 2010 पासून 20 मार्चला चिमणी दिन पाळावा लागतो, यातच सगळं आलं. कावळ्याला ती अडचण नाही. तो माडावर काटक्यांत तारेचे तुकडे गुंफून घर करतो, रापण ओढली की किनाऱ्यावर हजर असतो.

माणसांचं दार मात्र जुन्याच गोष्टीतलं. मे 2021 मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्याजवळून गेलं. माड मोडले, पत्रे आणि कौलं उडाली, कित्येक दिवस वीज नव्हती, किनाऱ्यालगतच्या कुटुंबांना सुरक्षित जागी हलवावं लागलं. ज्याच्या डोक्यावर स्लॅब तो अशा रात्री चिऊ असतो, आणि पत्र्याखालचा काऊ.

मालवणीत ही गोष्ट कशी सांगतात, शेवट कुठला करतात, ते वाडीवाडीतून नोंदवून ठेवायला हवं. दिवाळीला चाकरमानी घरी येतील, तेव्हा फोन पुढे धरून आजीला एकदा पुरती गोष्ट सांगायला लावावी. तिनं ती कुणाकडून ऐकली, तिचं माहेर कुठलं, हेही विचारावं. कारण बाईसोबत गोष्ट माहेराहून सासरी येते आणि वाटेत बदलते. ती चिऊचं दार कधी उघडते, की उघडतच नाही, तेवढं नीट ऐकावं. मधेच तिला दुरुस्त करू नये.