पीटर पुराण : हुतात्म्याचे चरित्र आणि ओवीची परंपरा

फ्रेंच जेझुइट एतिएन द ला क्रुवा याच्या ‘पीटर पुराणा’ची मराठी वाङ्मयेतिहासात बहुधा फादर स्टीफन्सच्या ‘क्रिस्तपुराणा’नंतर (१६१६) ओझरती नोंद होते. गोव्यात १६२९ व १६३४ मध्ये रोमन लिपीत छापलेल्या, सुमारे बारा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचा स्वतंत्र विचार मात्र व्हावयास हवा. आटपाडीला लागून असलेल्या सांगोला तालुक्यातील नाझऱ्याच्या श्रीधराने ‘हरिविजय’ पूर्ण केला तो १७०२ मध्ये. म्हणजे ओवीबद्ध पुराणाचा हा प्रयोग त्याच्या सुमारे सात दशके आधीचा आहे.

पुराणाचा नायक जिंकतो. येथे नायक गालील सरोवरावरचा कोळी, आणि परंपरेनुसार नीरोच्या कारकिर्दीत, इ. स. ६४ च्या सुमारास, रोममध्ये त्याला क्रुसावर चढविण्यात आले. खाली डोके करून त्याने मरण पत्करल्याची कथा ‘नव्या करारा’त नाही; ती दुसऱ्या शतकातील ‘पेत्राची कृत्ये’ या करारबाह्य ग्रंथात येते. रोम सोडून निघालेल्या पेत्राला वाटेत ख्रिस्त भेटतो आणि तो मरणाकडे माघारी वळतो, हा प्रसंगही तेथलाच.

मराठी संतचरित्रांत छळ आहे, पण संकटाच्या क्षणी देव धावतो. जनाबाईसाठी उभारलेल्या सुळाचे पाणी होते. तुकोबांच्या बुडविलेल्या वह्या इंद्रायणीतून कोरड्या वर येतात. पेत्राच्या कथेत देव वाटेत भेटतो तो वाचविण्यासाठी नव्हे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘साक्षीदार’ असा आहे. मराठीने ‘हुतात्मा’ म्हणताना त्यात यज्ञातील आहुती आणली. ख्रिस्ती मराठीतील ‘रक्तसाक्षी’ हा शब्द मुळाशी अधिक प्रामाणिक वाटतो.

या ग्रंथाचे गौरवीकरण मात्र सांभाळूनच करावे लागते. ‘गैरख्रिस्ती’ मतांचे खंडन हा हेतू पोर्तुगीज शीर्षकातच नमूद आहे. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली होती. गोव्यात इन्क्विझिशन १५६० पासून होते. राजसत्तेने मारलेल्या साक्षीदाराचे चरित्र दुसऱ्या राजसत्तेच्या छत्राखाली, जित लोकांच्याच छंदात, त्यांच्या श्रद्धा खोडून काढण्यासाठी रचले गेले. हा अंतर्विरोध भाषाप्रभुत्वाच्या कौतुकाने झाकता येत नाही.

पेत्राची लोकपूजा याहून निराळ्या वाटेने टिकली. २९ जून हा पेत्र-पौलाचा सण. पावसाळ्यात मासेमारी थांबलेली असताना गोव्यातील काही गावांतले कोळी होड्या एकमेकींना बांधून ‘सांगोड’ तयार करतात आणि त्यावर गाणी-नाट्ये होतात, तीही कोंकणीत. त्या तरंगत्या मंचावर आठवला जातो तो वादविवादातला पेत्र नव्हे, जाळे टाकणारा पेत्र.